राशीचा धुरळा छातीत कुठवर जातो?

दसऱ्याच्या मागेपुढे लातूर-नांदेडच्या शिवारात सोयाबीनच्या राशी सुरू होतात. बनीम (काडाचा रचलेला ढीग) उघडायची, हडंबा म्हणजे मळणी यंत्र जोडायचं, दोघांनी काड सारायचं, एकाने खाली पोतं धरायचं. भुसकटाचा लोट असा उठतो की पलीकडचा गडी दिसेनासा होतो. संध्याकाळी हातपाय धुऊन नाक शिंकरलं की काळं निघतं, त्यात नवल नाही. नवल दुसऱ्या दिवशी सकाळचं. रात्रभर माणूस घरात झोपलेला असतो, धुरळ्याचा काही संबंध नसतो. तरीही सकाळी चूळ भरताना खाकरलं की पुन्हा काळपट बेडका पडतो. हा रात्रीतून आला कुठून?

कोडं आणखी एक आहे. एकाच हडंब्यावर, एकाच दिवशी तिघं राबलेले असतात. एकाला नुसत्या शिंका येतात आणि तासाभरात तो बरा होतो. दुसऱ्याला चार दिवस खोकला लागतो. तिसरा दिवसभर ठणठणीत असतो आणि रात्री दोन-तीन वाजता धाप लागून उठून बसतो. धुरळा तोच, मग प्रत्येकाची तऱ्हा वेगळी का?

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन आणि तूर, नांदेडच्या मोंढ्यात हळद, जोडीला डाळ मिल, जिनिंग, हळदीला पॉलिश करणारे ड्रम. धुळीतलं काम हे इथल्या हजारो घरांचं पोट आहे. म्हणून श्वसनाचा धडा हडंब्यापासूनच सुरू करू.

छाती आधी, हवा मागून

बहुतेकांची समजूत अशी असते की फुप्फुसं हवा ओढतात. खरं तर फुगण्यासाठी लागणारा स्नायू फुप्फुसांत नाहीच. ती स्पंजासारखी मऊ, लवचिक असतात आणि सोडून दिली तर आक्रसतात. ओढण्याचं काम करतं श्वासपटल. छाती आणि पोट यांच्या मधला हा घुमटाच्या आकाराचा स्नायू. तो आकुंचन पावला की घुमट सपाट होऊन खाली सरकतो. त्याच वेळी बरगड्यांमधले स्नायू बरगड्या वर आणि बाहेर उचलतात. छातीच्या पोकळीतली जागा वाढते. फुप्फुसं छातीच्या आतल्या बाजूला ओल्या पातळ थराने चिकटून असल्यामुळे तीही सोबत ताणली जातात, आतला दाब किंचित कमी होतो आणि बाहेरची हवा आत येते. शांत बसल्यावर हा दाबातला फरक बाहेरच्या हवेच्या जेमतेम एक हजारांश असतो. एवढ्यावर आपलं चालतं. उच्छ्वासाला तर शांत असताना कष्टच नाहीत. स्नायू सैल पडतात, ताणलेलं फुप्फुस आपोआप आक्रसतं आणि हवा बाहेर पडते.

आपल्या भागात ही गोष्ट नीट कळणं गरजेचं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून माणसं नुकती झोपली होती. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी घरं औसा आणि उमरगा तालुक्यांत झोपलेल्यांच्या अंगावर आली आणि हजारो माणसं गेली. अशी घरं कोसळतात तेव्हा प्रत्येक मृत्यू डोक्याला मार लागून होतो असं नाही. नाकातोंडापर्यंत हवा पोचत असते, पण छातीवरच्या मातीमुळे बरगड्या उचलता येत नाहीत आणि श्वासपटल खाली सरकू शकत नाही. त्यात आणखी एक घात होतो. दर उच्छ्वासाला छाती जरा आत जाते, मोकळी झालेली जागा माती भरून काढते आणि पुढचा श्वास आणखी आखूड होतो. म्हणून ढिगाऱ्याखाली माणूस सापडला की आधी तोंड आणि मग छाती मोकळी करायची, हातपाय नंतर. विहीर खोदताना दरड कोसळून माणूस गळ्यापर्यंत गाडला गेला, तरी हाच क्रम. डोकं वर दिसतंय म्हणून निर्धास्त राहायचं नाही.

आता हिशेब. प्रौढ माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला १२ ते १६ वेळा श्वास घेतो. दर खेपेला साधारण अर्धा लिटर हवा, म्हणजे मिनिटाला ६ ते ८ लिटर. पोती उचलताना किंवा काड सारताना हाच आकडा ४० लिटरच्या पुढे जातो. बांधावर बसलेला मालक आणि हडंब्यासमोरचा गडी एकाच धुरळ्यात असले, तरी गड्याच्या छातीत पाच-सहा पट धुरळा जातो. शिवाय एवढी हवा नाकातून पुरत नाही, म्हणून तो तोंडाने श्वास घेऊ लागतो. इथेच पहिली राखण उठते.

नाक काय अडवतं आणि काय सोडतं

नाकाच्या आत दोन्ही बाजूंना वळणदार हाडं आहेत. त्यांच्यावर ओलसर, रक्ताने भरलेलं अस्तर. हवा या अरुंद वळणांतून जाताना तापते, भिजते आणि गाळली जाते. पौषातल्या पहाटेची बोचरी हवा घशाच्या खाली पोचते तेव्हा जवळजवळ अंगाइतकी गरम आणि पूर्ण दमट झालेली असते.

गाळणं कसं होतं ते समजायला पुरातली गोदावरी आठवावी. पाण्यासोबत गोटे, वाळू आणि गाळ असं सगळंच वाहत येतं. पाणी वळणावर वळतं, पण जड गोट्याला वळता येत नाही. तो काठावर आदळून तिथेच राहतो. धार मंदावते तिथे वाळू बसते. बारीक गाळ मात्र नांदेडपर्यंत येतो आणि विष्णुपुरी धरणाच्या संथ पाण्यात खाली बसतो. श्वासाच्या हवेतही हेच घडतं. कोण कुठे थांबणार हे कणाचा आकार आणि हवेचा वेग ठरवतात.

कण मोजायचं माप म्हणजे मायक्रॉन. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनहून मोठे कण नाकातल्या वळणांवर किंवा घशाच्या मागच्या भिंतीवर आदळतात आणि ओलाव्याला चिकटतात. संध्याकाळी शिंकरल्यावर निघतं ते हे, आणि पहिल्या गड्याच्या शिंकाही याच कणांमुळे. ५ ते १० मायक्रॉनचे कण मोठ्या श्वासनळ्यांच्या फाट्यांवर आदळतात. २ ते ५ मायक्रॉनचे आणखी खाली, बारीक नळ्यांत जाऊन बसतात. एक-दोन मायक्रॉनचे थेट तळाला, हवेच्या पिशव्यांपर्यंत पोचतात.

यातली फसवी गोष्ट अशी की नुसत्या डोळ्याला साधारण ५० मायक्रॉनच्या खालचा सुटा कण दिसत नाही. हडंब्यावर जो लोट दिसून आपण तोंड फिरवतो त्यातले ढोबळ कण बहुतेक नाकातच अडतात. लोट खाली बसल्यावर हवा स्वच्छ वाटते तेव्हा छातीत जाणारे बारीक कण अजून तरंगत असतात. तासन् तास तरंगतात. म्हणून मशीन थांबली की लगेच तोंडावरची दस्ती काढून तिथेच बसून भाकरी खाणं बरं नाही. वाऱ्याच्या वरच्या अंगाला, लांब झाडाखाली जावं.

दस्ती किंवा उपरणं तोंडाला गुंडाळण्याने ढोबळ भुसकट अडतं, आणि काहीच न बांधण्यापेक्षा ते बरंच. पण कापडाच्या विणीतली भोकं छातीत शिरणाऱ्या कणांपेक्षा कितीतरी मोठी असतात. एन-९५ मास्क ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकीही किमान ९५ टक्के अडवतो. अट एवढीच की तो गालाला आणि नाकाला घट्ट बसला पाहिजे. कडेने फट राहिली तर हवा त्या फटीतूनच शिरणार.

रात्रभर चाललेली झाडलोट

घशाच्या खाली मुख्य श्वासनलिका लागते. १०-१२ सेंटीमीटर लांब, दोन सेंटीमीटरच्या आसपास रुंद, कूर्चेच्या अर्धवट कड्यांनी उघडी धरलेली. तिचे दोन फाटे होतात, त्यांचे पुन्हा दोन, असं सुमारे २३ वेळा. (उजवा फाटा जास्त रुंद आणि सरळ असतो. लहान लेकराने हसता-खेळता शेंगदाणा श्वासनलिकेत ओढला तर तो बहुधा उजव्या बाजूला अडकतो. चार वर्षांच्या आतल्या लेकरांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊच नयेत.)

या नळ्यांच्या आतल्या पेशींना सूक्ष्म केस असतात. एका पेशीवर साधारण २००. त्यांच्यावर कफाचा पातळ थर पसरलेला असतो आणि बसलेला धुरळा त्या थरात रुततो. केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच दिशेने, घशाकडे, हलतात. थर वर सरकत राहतो. मुख्य नलिकेत त्याचा वेग मिनिटाला पाच ते दहा मिलिमीटर. खालच्या बारीक नळ्यांत मात्र फारच धिमा. त्यामुळे दुपारी खोलवर बसलेला कण वर यायला कित्येक तास लागतात.

पहिल्या कोड्याचं उत्तर इथे मिळतं. दिवसा वर आलेला कफ आपण नकळत गिळत असतो आणि जठरातलं आम्ल त्याची विल्हेवाट लावतं. रात्री गाढ झोपेत खोकल्याची उबळ दबलेली असते, गिळणंही कमी होतं. पण केसांचं काम बंद पडत नाही, ते धिम्या गतीने सुरूच असतं. पहाटेपर्यंत आदल्या दिवसाचा माल घशाशी जमतो. सकाळी पडणारा काळा बेडका म्हणजे कालच्याच राशीचा धुरळा, खालच्या नळ्यांतून रातोरात वर आलेला. तो पडला म्हणून घाबरू नये. उलट, झाडलोट नीट चालू असल्याची ती खूण आहे. दोन-तीन दिवसांत तो पांढरा होऊन थांबायला हवा.

या केसांचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे बिडी-सिगारेटचा धूर. धुराने त्यांची हालचाल मंदावते, आणि वर्षानुवर्षं ओढणाऱ्यांत ते झडून जातात. मग कफ वर ढकलायला खोकल्याशिवाय दुसरा उपाय उरत नाही. बिडी ओढणाऱ्याचा सकाळचा जुनाट खोकला यातूनच येतो. हडंब्यावर दहा तास काम करणारा आणि वर बिडी ओढणारा माणूस धुरळा तर घेतोच, शिवाय तो काढणारं यंत्रही स्वतः बंद पाडतो.

खोकला मात्र वाईट नाही. खोल श्वास घ्यायचा, स्वरयंत्र घट्ट मिटायचं, पोटाचे आणि छातीचे स्नायू आवळून आत दाब वाढवायचा आणि मग एकदम उघडायचं, हा सगळा डाव शरीर काही क्षणांत खेळतं. दुसऱ्या गड्याचा चार दिवसांचा खोकला म्हणजे सुजलेल्या, चिडलेल्या नळ्या साफ होईपर्यंतचं काम. धुळीच्या कामानंतर गूळ खावा असं आपल्याकडे सांगतात. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो आणि धुरळा असतो श्वासनलिकेत. गुळाने घसा ओला होतो, बरं वाटतं, पण त्याच्या भरवशावर मास्क टाळू नये.

तळाची पातळ भिंत

तेवीस फाट्यांच्या शेवटी हवेच्या पिशव्या येतात. एकेक पिशवी सुमारे ०.२ मिलिमीटरची, आणि दोन्ही फुप्फुसांत मिळून अशा ३० ते ५० कोटी. त्या सगळ्या उलगडून जमिनीवर पसरता आल्या तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील. एका गुंठ्याला १०१ चौरस मीटर होतात. म्हणजे जवळपास पाऊण गुंठा पृष्ठभाग माणसाच्या छातीत घडी घालून ठेवलेला आहे.

एवढा पसारा लागतो, कारण खरं काम इथेच होतं. पिशवीच्या भिंतीला लागून रक्ताच्या केशवाहिन्या असतात आणि हवा व रक्त यांच्यातला पडदा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. एवढ्या असंख्य फाट्यांत विभागल्यामुळे हवेचा वेग तळाशी जवळजवळ शून्य होतो. तिथून पुढे प्राणवायू वाऱ्याने जात नाही, आपोआप पसरत जातो. जिथे जास्त आहे तिथून, जिथे कमी आहे तिकडे. हवेतला प्राणवायू रक्तात शिरतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड हवेत येतो. तांबडी पेशी या पडद्यापाशी पाऊण सेकंदच असते, पण निरोगी माणसात पाव सेकंदातच तिच्यातलं हिमोग्लोबिन प्राणवायूने भरतं. उरलेला अर्धा सेकंद ही आपली शिल्लक. पडदा सुजला, जाड झाला की आधी ही शिल्लक संपते. म्हणून फुप्फुसाचा आजार सुरुवातीला बसल्या जागी कळत नाही. जिना चढताना, पोतं उचलताना, रक्त जोरात धावायला लागल्यावर तो उघडा पडतो.

इतक्या पातळ पडद्यावर केस किंवा कफ ठेवणं परवडत नाही. त्यामुळे तळाशी पोचलेल्या एक-दोन मायक्रॉनच्या कणांना झाडणारं तिथे कोणी नाही. तिथे भक्षक पेशी फिरत असतात. त्या कण गिळतात आणि बरेच दिवस, कधी कित्येक आठवडे घेऊन तो निकालात काढतात. या पेशींनाही दोन शत्रू भारी पडतात. एक म्हणजे दगडाच्या बारीक भुकटीतली सिलिका. ती गिळल्यावर पेशीच मरते, कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी तो गिळते आणि तीही मरते. या चक्रात फुप्फुसावर व्रण पडत जातात. त्यालाच सिलिकोसिस म्हणतात आणि तो बरा होत नाही. दगड फोडणाऱ्यांना आणि खडी क्रशरवर काम करणाऱ्यांना याचा धोका असतो. दुसरा शत्रू क्षयाचा जंतू. भक्षक पेशी त्याला गिळते, पण तो आत मरत नाही, तिच्यातच मुक्काम ठोकतो. सिलिकोसिस झालेल्याला क्षय लवकर गाठतो तो यामुळेच.

चौकट: श्वासाचे आकडे
स्वस्थ बसलेल्या प्रौढाचे श्वास: मिनिटाला १२ ते १६
एका श्वासातली हवा: सुमारे अर्धा लिटर
कष्टाच्या कामात मिनिटाला लागणारी हवा: ४० लिटर किंवा जास्त
नाकात-घशात अडणारे कण: १० मायक्रॉनहून मोठे
तळापर्यंत जाणारे कण: एक-दोन मायक्रॉनचे
हवेच्या पिशव्या: ३० ते ५० कोटी

तिसरा गडी, आणि बार्सिलोनाचं बंदर

आता राहिला रात्री उठून बसलेला तिसरा गडी. त्याच्या छातीत इतरांपेक्षा जास्त धुरळा गेला असेलच असं नाही. त्याच्या शरीराने त्या धुरळ्यातल्या प्रथिनाला शत्रू ठरवलं आहे. पुन्हा भेट होताच नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, अस्तर सुजतं, चिकट कफ सुटतो. दमा म्हणतात तो हाच. नळी निम्मी अरुंद झाली तर तिच्यातून हवा जायला दुप्पट जोर लागेल असं वाटतं; प्रत्यक्षात अडथळा १६ पट वाढतो. श्वास घेताना छाती रुंदावते तेव्हा नळ्याही थोड्या ताणल्या जाऊन उघडतात. सोडताना त्या मिटतात. म्हणून दमेकऱ्याचा खरा झगडा हवा घेण्याचा नसून सोडण्याचा असतो आणि छातीतली शिट्टी उच्छ्वासाला वाजते. ही प्रतिक्रिया कधी मिनिटांत येते, कधी चार ते आठ तासांनी. त्यातून पहाटेच्या सुमाराला सगळ्यांच्याच नळ्या दिवसापेक्षा अरुंद असतात. दुपारचा हडंबा रात्री छळतो तो असा.

सोयाबीनच्या बाबतीत हे किती टोकाला जाऊ शकतं ते स्पेनमधल्या बार्सिलोना शहराने पाहिलं. १९८१ ते १९८७ या काळात तिथे दम्याच्या अचानक साथी आल्या, एकूण २६. एखाद्या दिवशी काही तासांत दवाखान्यांत दमेकऱ्यांची रीघ लागे. काही जण दगावले. दमा तर संसर्गाचा रोग नव्हे, मग साथ कशी? जोसेप मारिया आंतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साथीचे दिवस आणि बंदरात उतरणारा माल यांची सांगड घालून पाहिली. साथीच्या दिवशी बंदरात सोयाबीन उतरत होतं आणि वारा शहराकडे होता. धान्य साठवण्याच्या तिथल्या एका कोठाराला धूळ गाळणाऱ्या कापडी पिशव्या बसवलेल्या नव्हत्या. त्या बसवल्यावर साथी थांबल्या. पुढे कळलं की दोषी प्रथिन मुख्यतः सोयाबीनच्या टरफलात असतं.

हडंब्यातून उडणाऱ्या भुसकटातही हे टरफल असतं. ही गोष्ट लातूरच्या प्रत्येक मोंढ्यात, तेल गिरणीत आणि डाळ मिलमध्ये माहीत असायला हवी असं मला कळकळीने वाटतं. बार्सिलोनात लोकांना औषधं वाटून साथ थांबली नाही. धूळ निघते त्या जागी ती अडवली, तेव्हा थांबली.

दमेकऱ्याच्या औषधातही कणांचा तोच हिशेब वापरला आहे. पंपातल्या औषधाचे कण मुद्दाम एक ते पाच मायक्रॉनचे केलेले असतात, म्हणजे ते नाकाघशात न अडता नेमके आवळलेल्या नळ्यांवर बसतात. ‘पंपाची सवय लागते, गोळी बरी’ असं गावोगाव ऐकू येतं. वस्तुस्थिती उलट आहे. साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं, तर गोळीत २ किंवा ४ मिलिग्रॅम, म्हणजे २० ते ४० पट. गोळी सगळ्या अंगभर फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. पंप जिथे हवा तिथेच काम करतो.

श्वास घे, हे सांगतं कोण?

श्वास रोखून धरला की थोड्या वेळात जीव घुसमटतो. आपण म्हणतो, प्राणवायू संपला. तसं नसतं, तोपर्यंत रक्तात पुरेसा प्राणवायू असतो. घुसमट होते ती साठत चाललेल्या कार्बन डायऑक्साइडने. मेंदूच्या देठात असलेलं श्वसनकेंद्र मुख्यतः त्याच्यावर नजर ठेवतं. तो जरा वाढला की श्वास वाढवतं. प्राणवायू कमी झाल्याची दखलही घेतली जाते, पण बरीच उशिरा.

हे ज्ञान नसल्याने माणसं गेली आहेत. ज्वारीचं पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, आपल्या भागातल्या जुन्या पिढीने पाहिलेलं आहे. धान्य जिवंत असतं, तेही श्वास घेतं. बंद पेवात ते प्राणवायू संपवतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. पेव उघडल्या उघडल्या आत उतरलेला माणूस दोन-चार श्वासांत कोसळू शकतो, आणि त्याला काढायला धावलेला दुसराही त्याच्यावरच पडतो. पडक्या आडात आणि सेप्टिक टाकीत आजही हेच घडतं. पूर्वीची माणसं आधी दिवा सोडून बघत. ज्योत साधारण १६-१७ टक्के प्राणवायूखाली विझते, त्यामुळे पेवापुरता तो शहाणपणा होता. सेप्टिक टाकीत मात्र दिवा नेऊ नये. तिथे पेट घेणारा मिथेन असतो आणि विषारी हायड्रोजन सल्फाइडची खबर दिवा देत नाही. आत कोणी पडलं तर मागून उडी न घेता दोर आणि हवा सोडणारा पंप आणावा, अग्निशमन दलाला बोलवावं. मन मानत नाही, पण मागून उडी घेणाराच बहुतेकदा दुसरा बळी ठरतो.

कोरोनाच्या काळात याच यंत्रणेची दुसरी बाजू दिसली. कार्बन डायऑक्साइड पडद्यातून प्राणवायूपेक्षा कितीतरी सहज पसरतो. त्यामुळे सुजलेल्या फुप्फुसातूनही तो बाहेर पडत राहिला आणि मेंदूला धोक्याची सूचना मिळाली नाही. रक्तातला प्राणवायू ८० टक्क्यांवर आलेली माणसं फोनवर नीट बोलत होती. म्हणून २०२० आणि २०२१ मध्ये बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरला एवढं महत्त्व आलं, आणि सहा मिनिटं चालून पुन्हा आकडा बघायला सांगितलं गेलं. चालल्यावर रक्त वेगाने धावतं, वर सांगितलेली अर्ध्या सेकंदाची शिल्लक संपलेली असेल तर आकडा घसरतो.

धुरळा अडवायचा कुठे

शेतावर करता येण्यासारखं बरंच आहे आणि त्याला फार खर्च नाही. हडंबा लावताना वाऱ्याची दिशा बघून भुसकट माणसांच्या पाठीमागे उडेल असा लावावा. काड सारणारा आणि पोतं धरणारा यांनी आळीपाळीने जागा बदलावी. घरात दमेकरी असेल तर त्याला राशीच्या दिवशी दुसरं काम द्यावं आणि त्याचा पंप खिशात आहे ना हे बघावं. एन-९५ मास्क मजुरीच्या हिशेबात धरावा. ज्याची रास, त्याचा मास्क, असा रिवाज पडायला काय हरकत आहे?

मोंढ्यातली आणि मिलमधली गोष्ट एकट्या माणसाच्या हातात नाही. चाळणा मारणाऱ्या बाया, पोती रिकामी करणारे हमाल, मापाडी हे चार दिवस नाही, बारा महिने धुळीत असतात. धूळ ओढून घेणारे पंखे आणि ती गाळणाऱ्या पिशव्या ही मालकाची जबाबदारी आहे. महाराष्ट्रात हमाल-माथाडींसाठी १९६९ पासून कायदा आहे. त्या कायद्याखालच्या माथाडी मंडळांनी वर्षातून एकदा प्रत्येक हमालाची फुंकण्याची तपासणी करून घ्यावी असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. तपासणी सोपी असते. पोटभर हवा घ्यायची आणि नळीत जोरात फुंकायची. निरोगी माणूस ७० टक्क्यांहून जास्त हवा पहिल्या सेकंदात बाहेर फेकतो. नळ्या अरुंद झाल्या असतील तर हा आकडा खाली येतो, तोही माणसाला धाप जाणवण्याच्या कित्येक वर्षं आधी. लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत आणि नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात श्वसनविकाराचे विभाग आहेत.

आणि हे घरोघरी लक्षात असू द्या. राशीनंतरचा काळा बेडका दोन-तीन दिवसांत थांबतो. खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला, बेडक्यात रक्त दिसलं, वजन उतरू लागलं किंवा संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला, तर त्याचं खापर धुरळ्यावर फोडू नका. क्षयासाठी बेडक्याची तपासणी आणि उपचार सरकारी दवाखान्यात मोफत होतात.